फार्मसीची पहिली दोन वर्षं : काय शिकाल, काय सांभाळाल

बारावीचा निकाल लागला की आलापल्ली, नागेपल्ली, अहेरी, एटापल्ली या पट्ट्यातून तेच ते प्रश्न येऊ लागतात. फार्मसी म्हणजे गोळ्यांची नावं पाठ करायची का? डी.फार्म. घ्यावं की बी.फार्म.? बारावीला बायोलॉजी होतं, गणित नव्हतं, चालेल का? आणि पहिल्या वर्षाला गेलेली मुलं दिवाळीत घरी आली की पालक विचारतात, "एवढे महिने झाले, अजून औषधाचं काहीच कसं शिकवलं नाही?"

या शेवटच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष करू नका. आपण चुकीच्या जागी आलो असं मुलांना वाटू लागतं ते याच टप्प्यावर. मग प्रॅक्टिकलला दांड्या सुरू होतात आणि वर्ष हातचं जातं. खरं तर त्या महिन्यांत औषधाचंच शिक्षण चालू असतं, फक्त ते मेडिकल दुकानातल्या कामासारखं दिसत नाही. म्हणून या लेखात पहिल्या दोन वर्षांत वर्गात आणि प्रयोगशाळेत काय घडतं ते आधी सांगतो. प्रवेश, कागदपत्रं, पैसा आणि तुमचे हक्क यांकडे त्यानंतर येऊ.

आधी ठरवा : डी.फार्म. की बी.फार्म.?

दोन्हींसाठी बारावी विज्ञान लागतं. फिजिक्स आणि केमिस्ट्री सक्तीचे, तिसरा विषय बायोलॉजी किंवा गणित यांपैकी कोणताही चालतो. नीटची गरज नाही.

- डी.फार्म. : दोन वर्षं, वर्षाअखेर परीक्षा. प्रवेश बारावीच्या गुणांवर, तंत्रशिक्षण संचालनालयामार्फत. परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची. शिवाय ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण, तेही किमान तीन महिन्यांचं.
- बी.फार्म. : चार वर्षं, आठ सेमिस्टर. प्रवेश एमएचटी-सीईटी आणि त्यानंतरच्या कॅप (केंद्रीय प्रवेशप्रक्रिया) फेऱ्यांतून. सीईटी पीसीएम गटातून दिली काय किंवा पीसीबी गटातून दिली काय, दोन्ही चालतं. बारावीला संबंधित विषयांत ४५ टक्के लागतात, महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय उमेदवारांना ४० टक्के.

सीईटी दिली नसेल किंवा तिच्यात गुण कमी पडले असतील तर डी.फार्म. करून थेट बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. त्याची प्रवेशप्रक्रिया वेगळी असते. घरची परिस्थिती ओढगस्तीची असेल आणि दोन-अडीच वर्षांत कमावतं व्हायचं असेल तर डी.फार्म. घ्या, त्यात काही कमीपणा नाही. औषध कंपनी, गुणवत्ता तपासणी, संशोधन, औषध निरीक्षकाची परीक्षा यांकडे डोळा असेल तर सुरुवातीपासूनच बी.फार्म. धरा. "आधी काहीतरी घेऊ, पुढचं पुढे" असं म्हणून घेतलेला प्रवेश मात्र सहसा महाग पडतो.

डी.फार्म.चं पहिलं वर्ष : पाच विषय

फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०२० च्या विनियमांनुसार पहिल्या वर्षी पाच विषय आहेत : फार्मास्युटिक्स, फार्मास्युटिकल केमिस्ट्री, फार्माकोग्नोसी, ह्युमन ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजी, आणि सोशल फार्मसी. प्रत्येकाला थिअरीही आहे आणि प्रॅक्टिकलही.

फार्मास्युटिक्स म्हणजे औषध तयार करण्याची विद्या. गोळी, कॅप्सूल, सिरप, मलम, इंजेक्शन यांचे प्रकार, ते कशापासून बनतात, कशात भरतात, किती दिवस टिकतात हे सगळं यात येतं. सुरुवातीच्या प्रॅक्टिकलमध्ये साधं सिरप करायला लावतात. विद्यार्थ्यांना वाटतं, साखरेचा पाक करायला कॉलेजात कशाला यायचं? पण हा पाक अंदाजाने होत नाही. ६६.७ ग्रॅम साखर तोलायची, शुद्ध पाण्यात मंद आचेवर विरघळवायची आणि थंड झाल्यावर पाणी घालून एकूण वजन बरोबर १०० ग्रॅम करायचं. पाणी इथे मापाने घालत नाहीत, वजनावर घालतात. साखर कमी पडली तर पाक पातळ राहतो आणि त्यावर बुरशी धरते. प्रमाण नेमकं असेल तर त्या दाट पाकात जंतूंना वाढायला पाणीच मिळत नाही, वेगळं परिरक्षक घालावं लागत नाही. साखर जास्त झाली तर थंडीत तळाशी खडे बसतात. एका साध्या पाकातून तोलणं, टक्केवारी, टिकाऊपणा आणि लेबल लिहिणं अशा चार गोष्टी हाताला लागतात. ज्याने हे प्रॅक्टिकल बुडवलं त्याला त्या पुस्तकातून मिळत नाहीत.

फार्मास्युटिकल केमिस्ट्री बहुतेकांना जड जाते. त्यात 'लिमिट टेस्ट' येते, म्हणजे औषधात नको असलेली अशुद्धी ठरलेल्या मर्यादेच्या आत आहे की नाही हे तपासणं. क्लोराइडच्या चाचणीत नेसलरच्या दोन उभ्या काचनळ्या शेजारी शेजारी ठेवतात. एकीत तपासायचा पदार्थ, दुसरीत ठरलेल्या प्रमाणाचं द्रावण. दोन्हींत नायट्रिक ॲसिड आणि सिल्व्हर नायट्रेट घालून पाच मिनिटं थांबायचं आणि काळ्या पार्श्वभूमीवर कुठलं द्रावण जास्त दुधाळ दिसतं ते पाहायचं. नमुना जास्त दुधाळ दिसला की नापास.

हे कशासाठी, असं विचारणाऱ्यांना दोन घटना सांगायला हव्यात. १९८६ मध्ये मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले आणि त्यासाठी न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमावा लागला. २०२५ मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचं औषध घेतलेली लहान मुलं मूत्रपिंड निकामी होऊन गेली. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. दोन्ही वेळी औषधात सापडलेलं विष एकच होतं, डायएथिलीन ग्लायकॉल. ते शोधण्याची चाचणी वेगळी आहे. पण औषध हातात आलं की ते शुद्ध आहे का असं विचारण्याची सवय याच दोन काचनळ्यांपासून लागते.

फार्माकोग्नोसी म्हणजे वनस्पती, प्राणी आणि खनिजं यांपासून मिळणाऱ्या औषधांचा अभ्यास. इथे आपल्या भागातल्या मुलांना जरा पुढून सुरुवात मिळते. अभ्यासक्रमात हिरडा आहे, अर्जुन आहे, अडुळसा, कडुनिंब, गोखरू, पुनर्नवा आहेत, मधुमेहावरच्या औषधांत बीजासाल आहे. शहरातल्या मुलांना यांतली बरीचशी पहिल्यांदा बरणीत दिसतात. आलापल्लीच्या वनवैभवात, जे २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झालं, किंवा नुसतं गावाबाहेरच्या रानात फिरलेल्या मुलाला त्यांतली बरीच झाडं सालीवरून ओळखता येतात. पण तेवढ्यावर परीक्षा पार होत नाही. वनस्पतीचं लॅटिन नाव, कुळ, वापरायचा भाग, त्यातलं रासायनिक द्रव्य आणि उपयोग या पाच गोष्टी प्रत्येकीच्या लिहाव्या लागतात, सूक्ष्मदर्शकाखाली तिचा छेद ओळखावा लागतो. माझा आग्रह आहे की उन्हाळ्याच्या सुट्टीत आजी-आजोबांबरोबर रानात जा, पानं-साली आणून हर्बेरियम करा आणि स्थानिक नावाशेजारी लॅटिन नाव लिहून ठेवा. हा विषय तुमचा सगळ्यात मजबूत विषय होऊ शकतो.

ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीमध्ये शरीराची रचना आणि काम शिकवतात. प्रॅक्टिकलमध्ये हाडं आणि मॉडेल ओळखणं, रक्तगट, हिमोग्लोबिन, पेशींची मोजणी, रक्तदाब मोजणं. "बेडूक कापावा लागतो का?" असं पालक काळजीने विचारतात. नाही. प्राण्यांवरचे औषधशास्त्राचे प्रयोगही आता संगणकावरच्या प्रतिकृतीतून दाखवतात. रक्ताचं प्रकरण आपल्या मुलांनी विशेष मन लावून शिकावं. सिकलसेल आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, पण लाल पेशी विळ्यासारखी वाकल्यावर नेमकं काय अडतं, वेदना का उठतात, वाहक आणि रुग्ण यांत फरक काय, हे इथे कळतं.

सोशल फार्मसी हलक्यात घेतली जाते, कारण ती वाचून पास होता येते. लसीकरण, पोषण, मातेचं आणि बाळाचं आरोग्य, क्षयरोग, मलेरिया, राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम हे सगळं त्यात आहे. गडचिरोली हा राज्यात मलेरियाचा मोठा भार असणारा जिल्हा. पुस्तकातल्या या धड्याचा पेशंट तुमच्याच गावात राहतो.

डी.फार्म.चं दुसरं वर्ष : इथे औषध येतं

दुसऱ्या वर्षी सहा विषय आहेत : फार्माकोलॉजी, कम्युनिटी फार्मसी आणि मॅनेजमेंट, बायोकेमिस्ट्री आणि क्लिनिकल पॅथॉलॉजी, फार्माकोथेरप्युटिक्स, हॉस्पिटल आणि क्लिनिकल फार्मसी, आणि फार्मसी लॉ आणि एथिक्स. ज्याची पालक पहिल्या दिवाळीपासून वाट पाहतात ते इथे सुरू होतं.

कायद्याच्या विषयाकडे दुर्लक्ष करू नका. औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आणि त्याखालचे नियम १९४५ चे, तर फार्मसी कायदा १९४८ चा. अनुसूची एच म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणारी औषधं. एच-१ मधल्या औषधांची विक्री स्वतंत्र नोंदवहीत लिहावी लागते आणि ती नोंद तीन वर्षं जपावी लागते. अनुसूची एक्ससाठी चिठ्ठी दोन प्रतींत लागते. उद्या काउंटरवर कोणी ओळखीचा "दे ना यार, चिठ्ठी कशाला" म्हणाला, तर नाही म्हणण्याचं बळ याच धड्यातून मिळतं.

समुपदेशन हा भाग तर आपल्या भागासाठीच लिहिल्यासारखा आहे. व्हायव्हॅक्स मलेरियात प्रायमाक्विन १४ दिवस द्यावं लागतं. ताप मात्र दोन-तीन दिवसांत उतरतो. बरं वाटलं म्हणून माणूस कामाला जातो, गोळ्या फळीवरच्या डब्यात राहून जातात आणि यकृतात दडलेला परजीवी काही आठवड्यांनी पुन्हा उठतो. शिवाय जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांना याच औषधाने लाल पेशी फुटण्याचा धोका असतो, आणि गरोदर स्त्रीला ते देत नाहीत. या तिन्ही गोष्टी माडिया, गोंडी किंवा तेलुगूत समजावून सांगू शकणारा फार्मासिस्ट बाहेरून मागवून मिळत नाही. तो तुमच्यातूनच तयार व्हायचा आहे.

बी.फार्म.चे पहिले चार सेमिस्टर

विषय बरेचसे तेच, खोली जास्त.

- पहिलं सेमिस्टर : ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी, फार्मास्युटिकल ॲनालिसिस, फार्मास्युटिक्स, इनऑर्गॅनिक केमिस्ट्री, कम्युनिकेशन स्किल्स. बारावीला गणित नसेल तर रेमेडियल मॅथ्स, बायोलॉजी नसेल तर रेमेडियल बायोलॉजी.
- दुसरं : ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचा पुढचा भाग, ऑर्गॅनिक केमिस्ट्री, बायोकेमिस्ट्री, पॅथोफिजिऑलॉजी, कॉम्प्युटर, पर्यावरण.
- तिसरं : ऑर्गॅनिक केमिस्ट्री, फिजिकल फार्मास्युटिक्स, मायक्रोबायोलॉजी, फार्मास्युटिकल इंजिनिअरिंग.
- चौथं : ऑर्गॅनिक केमिस्ट्रीचा तिसरा भाग, मेडिसिनल केमिस्ट्री, फिजिकल फार्मास्युटिक्स, फार्माकोलॉजी, फार्माकोग्नोसी.

म्हणजे फार्माकोलॉजी चौथ्या सेमिस्टरला येते. तोवर धीर धरा. अडखळायला होतं ते सहसा ऑर्गॅनिक केमिस्ट्रीत आणि फिजिकल फार्मास्युटिक्समध्ये. या दोन विषयांना पहिल्या आठवड्यापासून वेळ द्या.

एका चमच्याचा हिशेब

पहिल्याच सेमिस्टरला डोस काढण्याची गणितं येतात. पाचवी-सहावीचं त्रैराशिक येत असेल तर ती जमतात, पण चुकलं तर काय होतं हे एकदा नीट पाहा.

वर्गातलं उदाहरण घेऊ. बाळाचं वजन १० किलो. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम सांगितलं, म्हणजे एका वेळी १५० मिलिग्रॅम. बाजारात हे औषध लहान मुलांसाठी निरनिराळ्या ताकदीत मिळतं :

- ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅमचं सिरप असेल तर द्यायचे ६ मिलिलिटर.
- ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमचं असेल तर ३ मिलिलिटर.
- एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅमचे ड्रॉप्स असतील तर फक्त दीड मिलिलिटर.

आता पहिल्या बाटलीचं माप लक्षात ठेवून कोणी ड्रॉप्सचे ६ मिलिलिटर पाजले, तर बाळाच्या पोटात ६०० मिलिग्रॅम गेले, म्हणजे चौपट. बाटलीवरची बारीक ओळ वाचून आईला मापाच्या टोपीवर खूण करून दाखवणं हे फार्मासिस्टचं काम आहे. हा हिशेब शिकण्यासाठी दिला आहे. घरी डोस ठरवायचा तो डॉक्टरांना विचारूनच.

इंग्रजी पुस्तकांची धास्ती

मराठी माध्यमातून, आश्रमशाळेतून आलेल्या मुलांना पहिल्या दोन महिन्यांत वाटतं की आपल्याला जमणार नाही. पुस्तकं इंग्रजीत, शिक्षक बोलतात मिश्र भाषेत, व्हायव्हाला उत्तर येत असूनही शब्द सुचत नाही. यावर उपाय साधे आहेत, पण ते रोज करावे लागतात.

- दीडशे पानी वही घ्या. रोज वर्गात आलेले दहा शब्द, त्यांचा उच्चार आणि मराठीत अर्थ लिहा. तेच उपसर्ग, तेच प्रत्यय पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे काही महिन्यांत नवा शब्द पाहून अर्थाचा अंदाज लागू लागतो.
- प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री जर्नलमधली कृती एकदा वाचा आणि मित्राला मराठीत सांगा. सांगता आली तर ती समजली.
- व्हायव्हाची उत्तरं मोठ्याने बोलून पाहा. तुटक इंग्रजी चालतं, चुकीचा आकडा चालत नाही.
- समजलं नाही तर त्याच दिवशी विचारा. वर्गात लाज वाटत असेल तर तास संपल्यावर स्टाफरूममध्ये जा.

हजेरी आणि प्रॅक्टिकल

डी.फार्म.ला थिअरी आणि प्रॅक्टिकल यांत वेगवेगळी ७५ टक्के हजेरी लागते, बी.फार्म.ला ८० टक्के. डी.फार्म.ला पास होण्यासाठी ४० टक्के, बी.फार्म.ला ५०. दोन्हींत सेशनल परीक्षांचे गुण अंतिम निकालात धरले जातात, म्हणून "फायनलला बघू" असं म्हणू नका.

आलापल्लीहून गडचिरोली शंभर किलोमीटरच्या वर, आणि चंद्रपूरला जायचं तर आष्टी-गोंडपिपरी मार्गे तितकीच लांब वाट. रोज ये-जा करून फार्मसी होत नाही. प्रॅक्टिकल अनेकदा दुपारी असतं आणि शेवटची बस पकडायची म्हणून पोरं अर्ध्यातून निघतात. राहण्याची सोय आधी लावा, मग प्रवेश निश्चित करा.

कॉलेज निवडताना

गेल्या काही वर्षांत राज्यात फार्मसी कॉलेजं झपाट्याने वाढली. सगळी सारखी नाहीत. सरकारी महाविद्यालयं अमरावती, छत्रपती संभाजीनगर, कराड आणि रत्नागिरी इथे आहेत, नागपूर विद्यापीठाचा स्वतःचा औषधनिर्माणशास्त्र विभाग आहे. गुण चांगले असतील तर पसंतीक्रमात ही नावं वर टाका, अंतराला घाबरून खाली ढकलू नका. खासगी कॉलेज पाहत असाल तर स्वतः जाऊन या गोष्टी बघा :

- मान्यता : फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर त्या कॉलेजचं नाव, तो अभ्यासक्रम आणि तुमचं प्रवेशाचं वर्ष या तिन्ही गोष्टी आहेत का? मान्यता नसलेल्या कॉलेजच्या पदविकेवर नोंदणी होत नाही.
- प्रयोगशाळा : उघडून दाखवायला सांगा. तराजू, सूक्ष्मदर्शक, काचसामान वापरातलं दिसतं का? एका बॅचला किती विद्यार्थी?
- औषधी वनस्पतींची बाग : ती झाडं-पाटीसकट जिवंत आहे का, की नुसत्या पाट्या उरल्या आहेत?
- शिक्षक : गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना विचारा, केमिस्ट्री कोण शिकवतं आणि वर्षभरात किती जण बदलले.

एजंट "नॉन-अटेंडिंग" प्रवेश सांगत असेल, म्हणजे कॉलेजला यायचं नाही, फक्त परीक्षेला बसायचं, तर तिथेच थांबा. फार्मसी दूरस्थ पद्धतीने होत नाही. परराज्यातली घरपोच पदविका विकणाऱ्यांच्या नादी तर मुळीच लागू नका. पैसे जातात, वर्षं जातात आणि बनावट कागद सादर केल्याचा गुन्हा आपल्यावर येतो. सिरोंचा भागातली मुलं तेलंगणात शिकायला जातात, ते वेगळं. कॉलेज कौन्सिलच्या मान्यतेचं असेल तर तिथली पदवी इथे चालते. महाराष्ट्राच्या शिष्यवृत्तीचे नियम मात्र आधी विचारून घ्या.

कागदपत्रं : पावसाळ्याआधी

दरवर्षी हुशार मुलांच्या जागा जातात त्या गुणांमुळे नाही, कागदांमुळे. कॅप फेऱ्या पावसाळ्यात चालतात. त्याच दिवसांत पर्लकोटा नदीला पूर येतो, भामरागडचा रस्ता बंद होतो, नेट जातं. म्हणून अकरावी-बारावीतच तयारी करा.

- जात वैधता : नुसता जातीचा दाखला पुरत नाही. अनुसूचित जमातीच्या दाखल्यांची पडताळणी गडचिरोलीच्या जमाती प्रमाणपत्र तपासणी समितीकडे होते, इतर प्रवर्गांची जिल्हा समितीकडे. जुने पुरावे शोधायला सुरुवात आजच करा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचे पुरावे मागितले जातात. आजोबांच्या शाळेचा दाखल खारीज उतारा, जुना सातबारा, वनहक्काची कागदं तपासून पाहा.
- नॉन-क्रिमिलेअर : ज्यांना लागतं त्यांनी त्याची मुदत पाहा, ती ३१ मार्चला संपते.
- उत्पन्नाचा दाखला, अधिवास, आधारशी जोडलेलं बँक खातं : नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगमध्ये आहे का ते तपासा. एका अक्षराच्या फरकाने शिष्यवृत्ती अडते.

पैसा आणि वसतिगृह

- अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्न मर्यादा अडीच लाख. त्यावर उत्पन्न असेल तर फ्रीशिपसाठी विचारा. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर.
- शासकीय आदिवासी वसतिगृहाची माहिती एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयात मिळते. आपल्या जिल्ह्यात अशी कार्यालयं गडचिरोली, अहेरी आणि भामरागड इथे आहेत. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजनेतून जेवणा-राहण्याचा खर्च थेट खात्यात येतो.
- आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शिक्षण शुल्क सवलत आहे.

या सवलती कॅपमधून घेतलेल्या प्रवेशाला मिळतात. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली तर त्या हातून जातात. एजंट हे सांगत नाही.

तुमचे हक्क

- कॉलेजला मूळ कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत. तपासून परत द्यायची असतात.
- दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मागा. खासगी कॉलेजचं शुल्क शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेलं असतं, त्याबाहेरची रक्कम मागितली तर लेखी मागणी मागा आणि तक्रार करा.
- शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्यांकडून सरकारकडून येणारी शुल्काची रक्कम आगाऊ घेऊ नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. शुल्क भरल्याशिवाय परीक्षेला बसू देणार नाही असं कोणी म्हणालं तर प्रकल्प कार्यालयात किंवा समाजकल्याण कार्यालयात लेखी कळवा.
- कॅपच्या अंतिम तारखेआधी प्रवेश रद्द केला तर एक हजार रुपये वजा करून बाकी शुल्क परत मिळतं.
- रॅगिंग, भाषेवरून किंवा जमातीवरून हिणवणं सहन करू नका. रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ चोवीस तास चालू असते.

दोन वर्षांनंतर

डी.फार्म.चं ५०० तासांचं प्रशिक्षण रुग्णालयात किंवा परवानाधारक औषध दुकानात, नोंदणीकृत फार्मासिस्टच्या हाताखाली करता येतं. जमलं तर ते अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी करा. तिथे एका सकाळी जेवढ्या प्रकारच्या चिठ्ठ्या पाहायला मिळतात तेवढ्या लहान दुकानात महिन्यात येत नाहीत. सही मारून तास भरून देणाऱ्या ठिकाणी जाऊ नका.

२०२२ च्या विनियमांनी डी.फार्म.नंतर एक्झिट परीक्षा आणली. तीन पेपर, प्रत्येकात किमान ५० टक्के. पहिली परीक्षा ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. तुमच्या तुकडीसाठी काय नियम आहे ते कौन्सिलच्या ताज्या परिपत्रकात पाहा. त्यानंतर महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी. जिल्हा परिषदेतलं औषध निर्माण अधिकाऱ्याचं पद असो, खासगी रुग्णालय असो किंवा स्वतःचं दुकान, नोंदणी सगळीकडे लागते. किरकोळ औषध दुकानासाठी अन्न व औषध प्रशासनाचा परवाना आणि किमान १० चौरस मीटर जागा हवी.

नोंदणी झाली की काही दिवसांतच कोणीतरी घरी येईल. "सर्टिफिकेट फक्त दुकानात लावायला द्या, महिन्याला घरबसल्या पैसे मिळतील." घरात चणचण असली की ही गोष्ट गोड वाटते. पण कायद्याने चिठ्ठीवरचं औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टला आहे, भिंतीवरच्या कागदाला नाही. त्या दुकानात ड्रॉप्सच्या बाटलीने कोणाचं मूल दगावलं तर परवान्यावर नाव तुमचं असेल, नोंदणी तुमची जाईल. असं सर्टिफिकेट भाड्याने देऊ नका, आणि देणाऱ्या मित्रालाही अडवा.